स्टारबोर्ड, पोर्ट आणि जेवता हात

जहाजावर 'उजवीकडे' आणि 'डावीकडे' हे शब्द चालत नाहीत, एवढं बहुतेकांना ऐकून माहीत असतं. क्रूझचं तिकीट काढताना केबिन कोणत्या बाजूला हवी असं विचारतात, किंवा मुलांना सेलिंगच्या वर्गाला सोडायला गेलं की तिथला शिक्षक ओरडत असतो, तेव्हा पोर्ट आणि स्टारबोर्ड हे शब्द कानावर पडतात. मग आपण ती नेहमीची युक्ती आठवतो: इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'पोर्ट'ची अक्षरं चार आणि 'लेफ्ट'चीही चार, म्हणून पोर्ट म्हणजे डावी. युक्ती बरोबर आहे आणि वेळ निभावते. पण तिच्याने शब्द फक्त पाठ होतो, कळत नाही. कळला तर पाठ करावा लागत नाही, आणि त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. त्या वाटेवर आपलीही माणसं भेटतात, म्हणून हा लेख.

आधी साधी अडचण बघू. तुम्ही डेकवर पुढे तोंड करून उभे आहात आणि मी तुमच्यासमोर, तुमच्याकडे तोंड करून. तुमची उजवी ती माझी डावी. जमिनीवर अशा वेळी आपण 'माझी उजवी की तुझी?' असं विचारून घेतो. शिडावरच्या जहाजावर एक जण डोलकाठीवर चढलेला असतो, दुसरा पाठमोरा दोर ओढत असतो, तिसरा सुकाणूपाशी, आणि वारा असा की अर्धं वाक्य तोच खातो. तिथे 'माझी की तुझी' विचारायला सवड नसते. म्हणून खलाशांनी बाजू माणसाकडून काढून घेतल्या आणि जहाजाला दिल्या. जहाज पुढे तोंड करून उभं आहे असं धरायचं, आणि त्याची उजवी ती उजवी, तुम्ही कुठेही बघत असा. मागे वळून उभे राहिलात तरी स्टारबोर्ड जागचं हलत नाही.

पण मग जहाजाच्या उजवीला सरळ 'जहाजाची उजवी' का म्हटलं नाही? कारण त्या बाजूला आधीच एक नाव पडलेलं होतं आणि ते कामावरून पडलेलं होतं.

उत्तर युरोपातल्या जुन्या जहाजांना आज दिसतं तसं पाठीमागे मधोमध बसवलेलं सुकाणू नव्हतं. मागच्या भागात एका कडेला एक रुंद वल्हं बांधलेलं असे आणि त्यानेच जहाज वळवत. बहुतेक माणसं उजव्या हाताने काम करणारी, त्यामुळे हे वल्हं उजव्या कडेला. जुन्या इंग्रजीत जहाजाच्या कडेला 'बोर्ड' म्हणत आणि वळवण्याच्या कडेला 'स्टेओरबोर्ड'. त्याचंच पुढे स्टारबोर्ड झालं. त्यात ताऱ्याचा काही संबंध नाही. इंग्रजीत जहाजाच्या मागच्या टोकाला 'स्टर्न' म्हणतात तेही याच कुळातलं. जुन्या नॉर्स भाषेतल्या 'वळवणे' या अर्थाच्या शब्दाशी त्याचं नातं आहे. नॉर्वेत १८८० साली गोक्स्टाड इथे आणि १९०४ साली ओसेबर्ग इथे जी व्हायकिंग जहाजं जमिनीतून निघाली, त्या दोन्हींचं सुकाणूचं वल्हं उजव्या कडेलाच आहे. लेखी पुराव्याची गरज न पडता हा शब्द डोळ्यांना दिसतो, असं क्वचितच घडतं.

लेखी पुरावाही आहे, आणि तो सुरेख आहे. नवव्या शतकाच्या अखेरीस ओहथेरे नावाच्या नॉर्वेच्या एका दर्यावर्दीने इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाला आपल्या सफरीची हकिगत सांगितली आणि राजाच्या लेखनिकांनी ती एका इतिहासग्रंथाच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात घालून ठेवली. तो सांगतो की आपण किनाऱ्याने उत्तरेला निघालो, सारा वेळ ओसाड जमीन स्टारबोर्डला होती आणि खुला समुद्र दुसऱ्या बाजूला. पुढे किनारा पूर्वेला वळतो, मग दक्षिणेला. ओहथेरेही वळतो, पण त्याची जमीन स्टारबोर्डलाच राहते. दिशा तीन बदलल्या, बाजू एकच राहिली. होकायंत्र नसलेल्या माणसाला रस्ता सांगायला याहून सोपी पद्धत कोणती?

हे आपल्या किनाऱ्यावर लावून बघा. मुंबईहून मालवणकडे किंवा गोव्याकडे जहाज निघालं की सारा वेळ जमीन डावीकडे, म्हणजे पोर्टला, आणि सूर्य मावळणार स्टारबोर्डला. परतताना उलट. एवढं चित्र एकदा डोळ्यांसमोर बसलं की स्पेलिंग मोजायची गरज उरत नाही.

आता दुसरी बाजू. तिचं नाव तीनदा बदललं आणि खरा गोंधळ तिथेच आहे. ओहथेरेच्या हकिगतीत ती 'बेकबोर्ड' आहे, म्हणजे पाठीकडची कड, कारण उजव्या कडेचं वल्हं दोन्ही हातांनी धरणाऱ्या सुकाण्याची पाठ डाव्या कडेकडे होई. जर्मन, डच, फ्रेंच, पोर्तुगीज या भाषांत आजही त्याच शब्दाची रूपं चालतात. इंग्रजांनी मात्र तो टाकला आणि मध्ययुगात 'लाडेबोर्ड' घेतला, बहुधा माल लादण्याची कड या अर्थाने. यामागेही कामच आहे: धक्क्याला लागताना उजवी कड लावली तर सुकाणूचं वल्हं धक्क्यावर चिरडणार, म्हणून डावी कड लावायची आणि तिकडूनच माल चढवायचा. पुढे स्टारबोर्डच्या संगतीने 'लाडेबोर्ड'चं 'लारबोर्ड' झालं. जोडीला जोडी जुळली, कानाला बरी वाटली, आणि तिथेच घात झाला.

स्टारबोर्ड, लारबोर्ड. एकदा मोठ्याने म्हणून बघा, आणि मग कोणाला तरी भिंतीपलीकडून म्हणायला सांगा. वादळात ओरडून दिलेल्या हुकमातला पहिला आवाज वाऱ्याने नेला की उरतं फक्त 'आरबोर्ड'. डावं-उजवं सांगणारे दोन शब्द एकमेकांसारखे असावेत, याच्याइतकी वाईट योजना मुद्दाम ठरवूनही जमली नसती. खलाशांना हे कळत होतं. १७व्या शतकातच सुकाणूच्या हुकमांपुरता 'लारबोर्ड' टाळून 'पोर्ट' म्हणण्याची रीत पडली होती. पोर्ट म्हणजे बंदराकडची, धक्क्याकडची बाजू. कार्यालयांना जाग यायला आणखी दोन शतकं लागली. ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये आणि अमेरिकन नौदलाने फेब्रुवारी १८४६ मध्ये हुकूम काढून लारबोर्ड बंद केला. पोर्तुगीजांचीही तीच अडचण: बोंबोर्दू आणि एश्तिबोर्दू. ब्राझीलच्या खलाशांनी उजव्या बाजूच्या शब्दाची उलटापालट करून 'बोरेस्ते' केला आणि सुटका करून घेतली.

आता आपल्या माणसांकडे येऊ.

ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि नंतर पी अँड ओसारख्या कंपन्यांच्या जहाजांवर हिंदी महासागराच्या काठचे हजारो खलाशी होते. इंग्रज त्यांना 'लास्कर' म्हणत. शब्द फारसीतल्या लष्करावरून पोर्तुगीजांमार्फत आला. लढाई त्यांचं काम नव्हतं, तरी नाव ते चिकटलं. मुंबईहून भरती होणाऱ्या डेकवरच्या खलाशांत रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान पुष्कळ, त्यांच्याबरोबर सुरत, काठियावाड, दीव इकडचे खारवी. खानपानाकडे आणि स्वयंपाकाला गोव्याचे ख्रिस्ती. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश व्यापारी जहाजांवर यांची संख्या सुमारे ५० हजार होती. आपण परदेशातल्या मराठी माणसाचा इतिहास सांगतो तेव्हा डॉक्टर, इंजिनिअर, फार तर त्याआधीचे बॅरिस्टर यांच्यापासून सुरुवात करतो. लंडनच्या लाइमहाउसमध्ये परदेशी खलाशांसाठी निवाराघर १८५७ साली उघडावं लागलं, इतके लास्कर तिथे तोवर अडकून पडत होते. बोटीने नेलं, पण परतीची सोय केली नाही, अशी ती माणसं.

या खलाशांच्या जहाजावर चालणारी एक भाषा होती. पाया हिंदुस्तानी, आणि त्यावर गुजराती, कोकणी, बंगाली, अरबी, फारसी, मलाय, पोर्तुगीज, इंग्रजी यांचे थर. त्यातले कितीतरी शब्द तुम्हाला ओळखीचे वाटतील. सारंग, तांडेल, खलाशी, नाखवा हे मराठीतच आहेत. सुकाणू अरबीतून आलेलं, नांगर फारसीतून. थॉमस रोबक नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने या भाषेचा कोश केला आणि तो १८११ मध्ये कलकत्त्यात छापला गेला. उद्देश सरळ होता: गोऱ्या अधिकाऱ्यांना लास्करांना त्यांच्या बोलीत हुकूम देता यावेत. म्हणजे भाषा शिकायची होती ती साहेबाने. हाच कोश सुधारून १८८२ मध्ये लंडनला पुन्हा काढावा लागला. वाफेची जहाजं येऊन स्थिरावली होती तरी त्याची गरज संपली नव्हती.

या बोलीत स्टारबोर्डला 'जमना' म्हणत आणि पोर्टला 'डावा'. पुढच्या भागाला 'आगील', मागच्याला 'पिछील'. नदी आठवली असेल तर तिचा इथे संबंध नाही. गुजरातीत उजव्या हाताला 'जमणो' म्हणतात, आणि 'जमवुं' म्हणजे जेवणं. जमणो तो जेवणाचा हात. आपल्याकडेही उजवा कोणता ते लहान मुलाला शिकवताना 'जेवतोस तो हात' असंच सांगतात ना? तोच हात जहाजाला लावला. व्हायकिंगांनी उजव्या बाजूला सुकाणूच्या कामावरून नाव दिलं, खारव्यांनी जेवणावरून. दोन्हीकडे हात एकच.

'डावा' तर आपल्याला सांगायलाच नको.

आता ही जोडी लारबोर्ड-स्टारबोर्डच्या शेजारी ठेवून बघा. जमना. डावा. वाऱ्याने अर्धा शब्द नेला तरी 'जम' आणि 'डा' यांची गफलत होणं कठीण. रोबकचा कोश छापला गेला त्या १८११ साली ब्रिटिश नौदल अजून लारबोर्डच ओरडत होतं आणि पुढची ३३ वर्षं ओरडणार होतं. नौकानयनाच्या इतिहासात लास्करांची बोली 'मोडकीतोडकी' म्हणून उल्लेखली जाते, तेव्हा मला ही तारीख आठवते. कोणाची मोडकी होती? कामाच्या जागी भाषेची पारख ती किती शुद्ध यावर करायची नसते. हुकूम पहिल्याच फटक्यात कळला की नाही यावर करायची असते. त्या कसोटीला ही जोडी इंग्रजीपेक्षा सरस होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

उजव्या बाजूला मान देण्याची सवय मात्र दोघांची सारखी. ब्रिटिश नौदलात जहाज बंदरात असताना स्टारबोर्डची शिडी अधिकाऱ्यांसाठी राखलेली असे आणि मागच्या डेकची ती बाजू कप्तानाची. कौल उजवा पडला की काम होणार असं समजणाऱ्या कोकणाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

बाजूंची नावं नीट झाली म्हणून गोंधळ मिटला असं समजू नका. पुढचा गोंधळ अधिक धोक्याचा होता आणि तो विसाव्या शतकापर्यंत टिकला.

छोट्या होडीत सुकाणूला आडवा दांडा असतो. दांडा उजवीकडे ढकलला की पाण्यातलं पातं डावीकडे जातं आणि होडी डावीकडे वळते. होडी वळते ती दांड्याच्या उलट. जुने हुकूम दांड्याला उद्देशून असत: 'स्टारबोर्ड' म्हणजे दांडा स्टारबोर्डला न्या, अर्थात जहाज पोर्टला वळवा. पुढे अठराव्या शतकात चाक आलं. चाक उजवीकडे फिरवलं की जहाज उजवीकडे वळू लागलं, पण हुकूम मात्र दांड्याचेच राहिले, जो दांडा आता कोणाला दिसतही नव्हता. म्हणजे अधिकारी 'स्टारबोर्ड' म्हणणार, सुकाण्याने चाक डावीकडे फिरवायचं आणि जहाज डावीकडे जाणार. खलाशांना हे अंगवळणी पडलेलं होतं. ऐकणाऱ्या इतरांचं डोकं चक्रावतं.

टायटॅनिकवर १४ एप्रिल १९१२ च्या रात्री हाच हुकूम दिला गेला. समोर हिमनग दिसल्यावर फर्स्ट ऑफिसर मर्डॉकने 'हार्ड अ-स्टारबोर्ड' असा हुकूम दिला, असं चाकावर असलेल्या रॉबर्ट हिचन्सने चौकशीत सांगितलं. सिनेमा बघताना हे ऐकून बुचकळ्यात पडलेले लोक मला भेटले आहेत: स्टारबोर्ड म्हणतात आणि जहाज तर डावीकडे वळतं! बरोबरच वळतं. हिचन्सच्या साक्षीनुसार धडकेपूर्वी जहाज दोन पॉइंट पोर्टला वळलं होतं. एक पॉइंट म्हणजे वर्तुळाचा बत्तिसावा भाग, म्हणजे दोन पॉइंट म्हणजे साडेबावीस अंश. जहाज डावीकडे सरकत होतं म्हणूनच हिमनग त्याच्या उजव्या, स्टारबोर्डच्या कुशीला पुढच्या बाजूने घासत गेला. हिचन्सने घाबरून चाक उलटं फिरवलं अशी एक गोष्ट अधूनमधून वर येते. घासल्याची जागा आणि त्याची साक्ष एकमेकींशी जुळतात, त्यामुळे त्या गोष्टीला मी फारसं महत्त्व देत नाही. जहाज बुडालं ते वेग, अंतर आणि वेळ यांच्या हिशोबात.

पण 'म्हणायचं एक, करायचं उलट' ही पद्धत फार दिवस चालण्यासारखी नव्हती. अमेरिकन नौदलाने १९१३ मध्ये सुकाणूच्या हुकमात सरळ 'राइट' आणि 'लेफ्ट' घेतले. जहाजाच्या बाजूंची नावं पोर्ट-स्टारबोर्डच राहिली, फक्त सुकाण्याला सांगताना नेहमीचे शब्द आले. १९२९ च्या लंडन परिषदेत सर्व देशांच्या जहाजांनी हुकूम सरळ अर्थाने द्यावेत असं ठरलं, आणि ब्रिटिश जहाजांवर ते १९३३ च्या सुरुवातीपासून लागू झालं. आयुष्यभर उलट ऐकलेल्या सुकाण्यांच्या दृष्टीने विचार करा. एका दिवशी तोच शब्द उलट्या अर्थाचा झाला. त्यांच्यात आपले सुकाणी किती असतील.

पोर्ट-स्टारबोर्डच्या गोष्टींत एक गोष्ट भारताच्या वाटेवरची आहे आणि ती इंग्लंडात राहणाऱ्या वाचकांनी नक्की ऐकली असेल: 'पॉश' हा शब्द म्हणे 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' यांच्या आद्याक्षरांतून आला. मुंबईला जाताना पोर्टची केबिन, परतताना स्टारबोर्डची, कारण त्या बाजूला ऊन कमी. भूगोल अगदी बरोबर आहे. तांबड्या समुद्रातून दक्षिणेला उतरताना दुपारचं ऊन पश्चिमेचं, म्हणजे स्टारबोर्डला. एडनहून पूर्वेला वळल्यावर दक्षिणेचा सूर्य पुन्हा स्टारबोर्डला. सावली पोर्टला. पण असा शिक्का मारलेलं पी अँड ओचं एकही तिकीट सापडलेलं नाही, आणि शब्द आधी रुळला, गोष्ट नंतर, १९३० च्या दशकात छापली जाऊ लागली. शब्दाचा उगम म्हणून ती सोडून द्या. बाजू लक्षात ठेवायला मात्र चांगली आहे, सावलीत साहेब आणि बॉयलरपाशी खलाशी हे चित्र त्याबरोबर ठेवलंत तर आणखी चांगली.

रात्री बाजू ओळखायला दिवे लागतात. ब्रिटिश नौदलखात्याने १८४८ मध्ये वाफेच्या जहाजांना नियम घालून दिला: स्टारबोर्डला हिरवा, पोर्टला लाल, डोलकाठीवर पांढरा. दहा वर्षांनी शिडाच्या जहाजांनाही बाजूचे दिवे आले. पोर्ट नावाची दारू लाल असते, यावरून इंग्रज खलाशी पोर्टचा लाल दिवा लक्षात ठेवतात. ज्यांना ती चाखायची नाही त्यांच्यासाठी दुसरी खूण आहे, आणि ती दिव्यांच्या मूळ हेतूशीच जोडलेली आहे. दोन इंजिनांची जहाजं एकमेकांचा रस्ता छेदत असतील तर ज्याच्या उजवीला दुसरं जहाज आहे त्याने वाट द्यायची, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तुमच्या उजवीकडून येऊन समोरून डावीकडे जाणाऱ्या जहाजाची कोणती कड तुम्हाला दिसेल? डावी. म्हणजे लाल दिवा. लाल दिसला तर थांबा, हिरवा दिसला तर चला, रस्त्यावरच्या सिग्नलसारखंच. समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे वळायचं, लाल दिव्याजवळून लाल दिवा जाईल असं. अमेरिकेतल्या वाचकांना हे रस्त्यावर रोजचंच. इंग्लंड आणि भारतातल्यांना समुद्रावर पहिल्या दिवशी हात आवरावा लागतो.

हेच दिवे विमानाने जसेच्या तसे उचलले. पुढच्या वेळी रात्री मुंबईला उतरताना खिडकीतून पंखाचं टोक बघा. डाव्या पंखावर लाल, उजव्या पंखावर हिरवा. आणि विमानात तुम्ही चढलात ते बहुधा डावीकडच्या दारातून, बंदराच्या बाजूने.

एक बाजू राहिली, ती जहाजाची नाही. वाऱ्याची. वारा जिकडून येतो ती कड वरची आणि जिकडे जातो ती खालची, ही जोडी पोर्ट-स्टारबोर्डवर बेतलेली नाही. वारा फिरला की तीही फिरते. शिडाच्या होडीत बसणाऱ्याला दोन्ही हिशोब एकाच वेळी डोक्यात ठेवावे लागतात, आणि स्टारबोर्डकडून वारा घेणाऱ्या होडीला पोर्टकडून वारा घेणारीने वाट द्यायची असते. सेलिंगच्या शर्यतीत 'स्टारबोर्ड!' अशी आरोळी ऐकू येते ती यासाठी: माझा हक्क आहे, बाजूला व्हा.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल इथे एचएमएस ट्रिंकोमाली नावाची फ्रिगेट पाण्यावर जपून ठेवली आहे. ती मुंबईत बांधलेली, जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली, सागवानी लाकडाची, आणि १८१७ च्या ऑक्टोबरात मुंबईतच पाण्यात सोडलेली. रोबकचा कोश तेव्हा सहा वर्षांचा होता आणि नौदलाचा लारबोर्ड अजून चालू होता. तिच्या डेकवर आज कोणालाही चढता येतं. मुलांना घेऊन गेलात तर त्यांना चाकापाशी उभं करा, तोंड पुढे, आणि विचारा जेवता हात कोणता.